कै. शेठ वालचंद हिराचंद आणि निवृत्त झालेली मोटार

दिनांक ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ‘प्रीमियर पद्मिनी’ जातीची काळी-पिवळी टॅक्सी धावेनाशी झाली. या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे, असा सरकारी नियम असल्यामुळे तिची मुदत भरली आणि जवळजवळ साठ वर्षे चाललेली एक परंपरा त्या दिवशी संपली. वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली, चित्रपटांतून दिसलेल्या तिच्या रूपाची आठवण काढली, जुन्या चालकांचे मनोगत दिले. परंतु ज्या कारखान्यात ती जन्मास आली, तो कारखाना उभा करण्यासाठी ज्या पुरुषाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्याचे नाव या गलबल्यात मागे पडले. ते नाव कै. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे होय.

हे नाव आपल्या समाजास अपरिचित नाही. दिगंबर जैन समाजातील कर्तबगार पुरुषांची गणना होऊ लागली म्हणजे वालचंद शेठजींचे नाव पहिल्या दोनचारांत येते. परंतु नाव परिचित असणे निराळे आणि चरित्र परिचित असणे निराळे. त्यांनी मोठी संपत्ती मिळविली एवढेच बहुतेकांस ठाऊक असते. ती मिळविताना त्यांस किती दारे बंद आढळली आणि किती वेळा हाती आलेले कार्य दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागले, हे ठाऊक नसते. त्यांच्या कारखान्याची मोटार निवृत्त झाली असता त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

जन्म आणि शिक्षण

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि सोलापुरात स्थिरावले. घरी सावकारी व कापसाचा व्यापार होता. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे मातृछत्र हरपले. सोलापुरातील शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले. परंतु पदवी न घेताच त्यांस घरी परतावे लागले.

घरच्या पेढीवर बसून व्याजबट्ट्याचा हिशेब करावा, पावसापाण्याचा अंदाज घेऊन कापसाचा सौदा करावा, यात त्यांचे मन रमले नाही. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत त्या काळी हाच व्यवसाय होता आणि तो सोडणे म्हणजे पिढ्यानुपिढ्यांची घडी मोडणे असे मानले जाई. विशी ओलांडलेल्या या तरुणाने ती घडी मोडली.

फाटक आणि वालचंद

या कामी त्यांस जो सोबती लाभला तो ना जातीचा होता ना पेढीचा. श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात, दर कसे भरावयाचे, मोजमाप कसे होते, हे फाटकांस ठाऊक. भांडवल उभे करणे व व्यवहार जुळविणे हे वालचंदजींस साधे. १९०३ च्या सुमारास या दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या भागाचे काम घेतले आणि ते पुरे करून दाखविले. ‘फाटक-वालचंद’ ही जोडी येथून पुढे नावारूपास आली.

या आरंभाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पुढे जहाजे, विमाने व मोटारी यांची स्वप्ने पाहणाऱ्या या पुरुषाने पहिला धडा घेतला तो माती आणि खडी यांचा. किती मजूर लागतील, किती दिवसांत भराव होईल, पाऊस पडला तर काय नुकसान होईल, हा हिशेब त्यांनी प्रत्यक्ष कामावर राहून शिकला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांची मोठी कामे त्यांस मिळाली. पुढे टाटांच्या भागीदारीतील बांधकाम कंपनीच्या द्वारे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईस पाणी आणणारे नळ, ब्रह्मदेशातील इरावती नदीवरील पूल अशी कामे झाली. १९२६ मध्ये त्यांनी ‘हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी’ स्थापन केली. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू याच कंपनीने बांधला.

‘लॉयल्टी’चा प्रवास

वालचंदजींच्या आयुष्यास खरे वळण मिळाले ते १९१९ साली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक त्या काळी परकीय कंपन्यांच्या, मुख्यत्वे लॉर्ड इंचकेप यांच्या ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनीच्या हाती होती. एखाद्या हिंदी माणसाने जहाज काढले की ही कंपनी भाड्याचे दर इतके उतरवी, की नवखा व्यापारी बुडून जाई. तो बुडाला की दर पुन्हा चढत. दक्षिणेत व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे काढलेल्या स्वदेशी जहाज कंपनीची काय गत झाली हे सर्वांसमोर होते.

हे माहीत असूनही वालचंदजींनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकत घेण्याचे ठरविले. हे जहाज नवे नव्हते. १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते पॅसिफिक महासागरात धावू लागले होते. महायुद्धात शिंदे सरकारांनी ते रुग्णालय म्हणून चालविले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास या मान्यवरांच्या साहाय्याने मार्च १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदर सोडून इंग्लंडचा मार्ग धरला. स्वतः वालचंदजी तिच्यावर होते.

व्यापारी दृष्टीने पाहिले तर हे जहाज फायद्याचे ठरले नाही. जुने असल्याने त्यावर खर्च फार होई, आणि अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, ते मोडीत निघाले. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी कंपनीशी करार करून सिंदिया कंपनीस आपली जहाजे ठराविक मर्यादेपलीकडे न वाढविण्याची अट मान्य करावी लागली. एवढे होऊनही कंपनी टिकली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाल्यावर वालचंदजी तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली. स्वतंत्र भारताने १९६४ पासून ५ एप्रिल हा ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. जहाज चार वर्षांत भंगारात गेले. त्याने ज्या दिवशी बंदर सोडले तो दिवस मात्र राष्ट्राच्या पंचांगात राहिला. ही गोष्ट वाचकांनी स्मरणात ठेवावी. पुढे मोटारीचा विचार करताना तिचा उपयोग होईल.

माळरानावरील साखर

आमच्या वारणानगरच्या वाचकांस वालचंदजींच्या चरित्रातील आणखी एक भाग जिव्हाळ्याचा वाटेल. १९२३ मध्ये त्यांनी नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे खडकाळ, ओसाड जमीन घेऊन तेथे शेती सुरू केली. पुढे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे नीरा कालव्याच्या पाण्यावर उसाचे मोठे क्षेत्र उभे राहिले. दोन्ही ठिकाणी साखर कारखाने निघाले, आणि कळंबच्या माळावर वसलेल्या गावास ‘वालचंदनगर’ हे नाव पडले. कारखान्याभोवती घरे, शाळा, दवाखाना, बाजार अशी सारी वस्ती तेथे उभी राहिली.

वारणेच्या काठी सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांस एकत्र करून जो साखर कारखाना उभारला, त्याच्याभोवतीही असेच एक नगर वसले. वालचंदनगर खाजगी भांडवलावर उभे राहिले, वारणानगर शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर; हा भेद मोठा आहे आणि तो आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु माळरानावर धुराडे उभे राहिले की मुलांसाठी शाळा व हातांसाठी काम त्याच्यामागून येते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसून आले. वालचंदनगर तर साखरेवरच थांबले नाही. साखर कारखान्यांची यंत्रे तेथे बनू लागली आणि पुढच्या काळात अणुशक्ती व अंतराळ या क्षेत्रांसाठी लागणारी अवजड सामग्रीही तेथून जाऊ लागली.

मोटारीचा ध्यास

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. हिंदुस्थानात मोटारी धावत होत्या, पण बनत नव्हत्या. ‘जनरल मोटर्स’ या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईस जुळणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही तसेच केले. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे, येथे ते जोडावयाचे आणि गाडी विकावयाची, असा तो व्यवहार होता. गाडीचे इंजिन, गिअर, सांगाडा यांपैकी महत्त्वाचे असे काहीच येथे घडत नसे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात हिंदी मोटार कारखान्याची योजना आखली आणि मुंबईच्या उद्योगपतींपुढे ठेवली. वालचंदजींनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाची या योजनेस सहानुभूती होती; परंतु १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो आधार गेला. याच सुमारास वालचंदजी अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी बोलणी केली, ती फळास आली नाहीत. क्रायस्लर कंपनीशी मात्र १९४० मध्ये करार झाला.

सहकार्य मिळाले, भांडवल मिळण्यासारखे होते, जागा देण्यास म्हैसूर संस्थान अनुकूल होते. अडले ते हिंदुस्थान सरकारच्या दारी. युद्ध सुरू झाले होते आणि सैन्यास वाहनांची निकड होती. तरीही या कारखान्यास युद्धोपयोगी उद्योग मानण्यास सरकार तयार होईना. आणि ती मान्यता नसल्याने परदेशातून यंत्रसामग्री आणण्याची वाट बंद झाली. अर्जांवर अर्ज झाले, दिल्लीच्या फेऱ्या झाल्या, कायदेमंडळात प्रश्न निघाले. चार वर्षे अशी गेली. अखेर १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. मधल्या काळात, १९४२ मध्ये, बिर्ला यांची ‘हिंदुस्थान मोटर्स’ ही कंपनीही निघाली होती. एकाच ध्येयाने निघालेल्या या दोन संस्थांनी पुढील अर्धशतक भारताच्या रस्त्यांस ‘फियाट’ व ‘अँबेसेडर’ अशी दोन घरगुती नावे दिली.

विमान आणि जहाज

मोटारीच्या खटपटीतून आणखी एक गोष्ट निपजली. अमेरिकेच्या प्रवासावरून परत येताना विमानात वालचंदजींची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी पडली. चीनमध्ये विमाने जुळविण्याचा कारखाना चालविण्याचा अनुभव या गृहस्थांस होता. त्या ओळखीतून बंगलोर येथे, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने आणि दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या उत्साहाने, २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी’ नोंदली गेली. मोटारीस नकार देणाऱ्या सरकारला युद्धाच्या धामधुमीत विमानांची गरज पटली होती. परंतु जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरताच सरकारने १९४२ मध्ये हा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदजींस आपल्या भागाचे पैसे मिळाले, कारखाना गेला. आज ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ या नावाने सर्व देश ज्या संस्थेस ओळखतो, तिचे हे मूळ होय.

जहाजबांधणीचेही तसेच झाले. विशाखापट्टण येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीचा पाया घातला गेला. पुढील वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले व कामास खीळ बसली. तरीही काम पुन्हा उभे राहिले, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात सोडण्यात आले. काही वर्षांतच या गोदीची मालकीही सरकारकडे गेली.

विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया एका माणसाने पाच-सहा वर्षांच्या अवधीत घातला आणि त्यांपैकी दोन उद्योग त्याच्या हातांतून गेले. तिसरा राहिला तो कुर्ल्याचा.

कुर्ल्याचा कारखाना आणि अखेरचे दिवस

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, पहिली वाहने बाहेर पडली. त्यांवर डॉज, डिसोटो, प्लिमथ ही क्रायस्लरची नावे होती. आरंभी येथेही जुळणीचेच काम अधिक होते. एकेक भाग देशात घडविण्याचे काम सावकाश वाढावयाचे होते. ते वाढताना पाहण्याचे भाग्य वालचंदजींच्या वाट्यास फारसे आले नाही. १९४९ मध्ये त्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते सर्व व्यवहारांतून निवृत्त झाले. १९५१ पासून कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची लहान गाडी तयार होऊ लागली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे वालचंदजींचे देहावसान झाले. ‘फियाट ११००’ ही गाडी कुर्ल्यास सुरू झाली ती १९५४ मध्ये. तिच्याच वंशातील पुढची गाडी १९६४ मध्ये आली. आणि फियाटशी असलेला परवान्याचा संबंध संपल्यावर १९७४ मध्ये तिचे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. ज्या मोटारीमुळे कुर्ल्याचे नाव घरोघर गेले, ती रस्त्यावर धावताना तिच्या कारखान्याच्या जनकाने पाहिलीच नाही.

त्यांच्या पश्चात बंधू गुलाबचंद, रतनचंद व लालचंद यांनी व पुढील पिढ्यांनी उद्योगांचा व्याप सांभाळला. आमच्या भागाशी त्यांचे नाव एका निराळ्या रीतीने जोडले गेले. सांगली येथे १९४७ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास वालचंदजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून मोठी देणगी मिळाली आणि त्यास ‘वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय’ हे नाव देण्यात आले. वारणा नदी सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्यातील किती घरांतील मुलांनी या महाविद्यालयातून पदवी घेतली याची मोजदाद कोणी केली नसेल. परंतु आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तेथील पदवीचा कागद भिंतीवर लावलेला आढळेल.

मोटारीचे पुढे काय झाले

पद्मिनीची थोरवी सांगणे कठीण नाही. तिचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाजवळ असल्याने पुढे सलग बाक बसे व त्यावर तिघे सहज मावत. बिघाड झाला तर गावचा साधा मिस्त्रीही तिला हाताळू शके. वऱ्हाडात, दवाखान्याच्या धावपळीत, देवदर्शनाच्या प्रवासात तिने कुटुंबेच्या कुटुंबे वाहिली. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या भागांत डॉक्टर, वकील, व्यापारी व बागायतदार यांच्या दारी ‘फियाट’ उभी असणे ही एके काळी प्रतिष्ठेची खूण होती. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि गाडी आली की तिची ओवाळणी होई.

परंतु तिची उणीवही सांगितली पाहिजे, एरवी हे चरित्र म्हणजे केवळ स्तुतिपाठ होईल. स्वातंत्र्यानंतर सरकारने परकीय गाड्यांची आयात जवळजवळ बंद केली. जे कारखाने येथे केवळ जुळणी करीत होते, त्यांनी १९५५ च्या आगेमागे आपले काम आवरले. मोजक्या देशी कंपन्यांस उत्पादनाचे परवाने राहिले. गाड्या किती काढावयाच्या आणि कोणत्या किमतीस विकावयाच्या यावरही सरकारचे नियंत्रण होते. गिऱ्हाईक दाराशी रांग लावून उभे असता नवी गाडी घडविण्याची निकड कोणास वाटावी? इटलीत या गाडीचे मूळ रूप केव्हाच मागे पडले होते. येथे मात्र तीच गाडी थोड्याफार फेरफाराने चालू राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ आली, १९९१ मध्ये देशाचे आर्थिक धोरण पालटले, १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याची अट गेली, आणि जगातील नामांकित कंपन्या एकामागून एक येथे दाखल झाल्या. प्रीमियर कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो व इटलीच्या फियाट कंपन्यांशी भागीदारी करून पाहिली. ती तारू शकली नाही. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. बंगालमध्ये उत्तरपाडा येथे बनणारी अँबेसेडरही मे २०१४ मध्ये थांबली आणि २०१७ मध्ये तिचे नाव ऐंशी कोटी रुपयांस प्यूजो कंपनीकडे गेले. रावळगावच्या गोळ्यांची प्रसिद्ध नावेही फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्तावीस कोटी रुपयांस रिलायन्स समूहाकडे गेली.

येथे एक विचार आमच्या मनात येतो. वालचंदजींनी आयुष्यभर सरकारशी भांडण केले ते कशासाठी? परकीयांस मोकळे रान आणि देशी माणसास कुंपण, हा अन्याय दूर व्हावा म्हणून. नव्या उद्योगास आरंभी संरक्षण मिळावे, हेही त्यांनी मागितले आणि ते योग्यच होते; रोपट्याभोवती काटेरी कुंपण लागतेच. पण झाड वाढल्यावरही कुंपण तसेच राहिले तर मुळे खोल जात नाहीत आणि पहिल्याच वादळात झाड कोसळते. पद्मिनीचे तसेच झाले. वादळी समुद्रात जुने जहाज घालणाऱ्या पुरुषाच्या कारखान्यातील मोटार चाळीस वर्षे शांत तळ्यात फिरली. याचा दोष एकट्या कारखान्याचा नव्हे. त्या काळच्या धोरणाचा तो मोठा भाग होता. परंतु धोरणाने दिलेल्या स्वस्थतेत विसावा घेणारास त्याचे मोल कधीतरी भरावेच लागते, हा धडा मात्र कोणासही चुकत नाही.

आपणांस काय घ्यावयाचे

वालचंदजींचे सर्वच निर्णय निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. एका वेळी अनेक कामांत हात घालण्याची त्यांची घाई, भांडवलाची नेहमीची ओढाताण, सरकारी कंत्राटांवर उभी राहिलेली प्रारंभीची संपत्ती, यांविषयी त्यांच्या हयातीतही टीका झाली. ज्या सरकारची कामे घेतली त्याच सरकारशी झगडावे लागले, ही विसंगती त्यांच्या पिढीतील बहुतेक उद्योगपतींच्या वाट्यास आली. पण मिळालेला पैसा त्यांनी पेढीत कोंडून ठेवला नाही. जेथे नफ्यापेक्षा धोका अधिक, अशा कामांत तो घातला.

दुसरी गोष्ट आपल्या अभिमानासंबंधीची आहे. ही स्मरणिका समाजाची आहे आणि वालचंदजी आपल्या समाजाचे होते, याचा आनंद आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यांचा पहिला भागीदार फाटक हा होता. सिंदिया कंपनीतील सहकारी भाटिया, नागर, वैष्णव वाणी अशा निरनिराळ्या समाजांतील होते. मोटारीचा आराखडा म्हैसूरच्या विश्वेश्वरय्यांचा आणि विमान कारखान्यास हात देणारा दिवाण मुसलमान होता. वालचंदजी आपल्याच माणसांत बसून राहिले असते, तर सोलापूरच्या पेढीवरील एक सुखी सावकार म्हणून त्यांचे आयुष्य संपले असते. त्यांचा अभिमान बाळगावयाचा, तर त्यांची ही वृत्तीही घेतली पाहिजे.

आज आपल्या समाजातील तरुण अभियंते होतात. वारणानगरातही १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पदवी घेऊन मुले पुण्यास, बंगलोरास व परदेशी जातात, चांगले वेतन मिळवितात, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु आपल्या गावाजवळ चार यंत्रे मांडून स्वतःची वस्तू घडविणारे तरुण त्या मानाने थोडे दिसतात. आणि घरातील वडीलधारी मंडळीही मुलाने असा विचार बोलून दाखविला की प्रथम त्यास परावृत्त करतात. मुलीने तसे म्हटले तर विचारावयासच नको. समाजाच्या निधीतून आपण शिष्यवृत्त्या देतो. त्याच निधीतील थोडा भाग नवा उद्योग करू पाहणाऱ्या मुलामुलींस बिनव्याजी कर्जाऊ द्यावा, अशी आमची समाजाच्या कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. यातील काही रक्कम बुडेल हे आम्ही जाणतो. ‘लॉयल्टी’ही चार वर्षांत भंगारात गेली होती.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी थांबली. कुर्ल्याच्या जुन्या जागेवर आता मोठ्या वसाहती उभ्या आहेत, सिंदियाची जहाजेही समुद्रावर दिसत नाहीत. वस्तू जुनी होते, निवृत्त होते, मोडीत जाते. तो तिचा धर्मच आहे. पण मोटार येथे बनू शकते हे एकदा सिद्ध झाले, ते पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. पुणे, चाकण, नाशिक येथील कारखान्यांतून आज मोटारी बाहेर पडतात आणि त्यांत वालचंदजींच्या नावाच्या महाविद्यालयातून शिकलेले हातही असतात. सोलापूरच्या या सुपुत्राचे खरे स्मारक तेथे चालू आहे. त्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.